गळ्याची सवय, घराण्याची रीत

अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज आज कुणालाच ऐकायला मिळत नाही. हिंदुस्थानात 1902 साली गाण्याच्या तबकड्या निघू लागल्या. खाँसाहेब त्यानंतरही चव्वेचाळीस वर्षं होते, पण त्यांनी आपलं गाणं तबकडीवर दिलं नाही. तरीही आज एखाद्या मैफलीत कुणी बिहागडा किंवा संपूर्ण मालकंस त्यांच्या वळणाने मांडला, तर जाणकार श्रोता दोन-तीन आवर्तनांतच ‘जयपूर-अत्रौली घराणं’ म्हणून मान डोलावतो. एका माणसाने स्वतःच्या गळ्यासाठी बसवलेली रीत, त्याचा आवाज न ऐकलेली माणसं आज वापरत आहेत. या रीतीचा बराचसा भाग कोल्हापुरात सिद्ध झाला, म्हणून आपण कोल्हापूरकरांनी ती नीट समजून घेतली पाहिजे.

खाँसाहेबांचा जन्म 1855 चा, राजस्थानातल्या उणियाऱ्याचा. घरात ध्रुपदाची परंपरा होती. वडील लवकर गेले आणि काका जहांगीरखाँ यांनी त्यांना आधी ध्रुपदाची आणि मग ख्यालाची कसून तालीम दिली. आवाजही देखणा होता. पुढे ऐन उमेदीत, माळव्यातल्या अमलेटा नावाच्या छोट्या संस्थानात, तिथल्या गानवेड्या ठाकुरांसाठी दिवसच्या दिवस गाऊन तो आवाज बसला. बऱ्याच काळाने परत आला, पण पूर्वीची झळाळी काही आली नाही.

दुसरा एखादा गवई इथे संपला असता. खाँसाहेबांनी मात्र उरलेल्या आवाजाला काय झेपतं ते पाहून गाण्याची बांधणीच नव्याने केली. माझ्या मते सगळं मर्म इथेच आहे. उपजत गोड गळ्याचा गवई आपण कसे गातो हे दुसऱ्याला सांगू शकेलच असं नाही, कारण त्याला ते कधी स्वतःलाच सांगावं लागलेलं नसतं. ज्याने एकेक जागा विचारपूर्वक बसवली, त्याला ती दुसऱ्याच्या गळ्यातही बसवता येते.

छत्रपती शाहू महाराज 1894 साली गादीवर आले आणि त्यानंतर लवकरच खाँसाहेब कोल्हापूर दरबारचे गवई झाले. 1922 मध्ये महाराजांचं निधन होईपर्यंत त्यांचा मुक्काम मुख्यतः इथेच होता. दरबाराची नोकरी म्हणजे पोटापाण्याची काळजी नाही आणि रोजच्या रोज लोकांना रिझवण्याची सक्तीही नाही. नवी रीत पक्की व्हायला असा निवांतपणा लागतो, आणि महाराजांनी तो दिला.

ही रीत जवळून पाहायची तर तीनतालाचं एकच आवर्तन घ्यावं. मात्रा सोळा, लय ना फार संथ ना जलद. गायक तोंड मोकळं ठेवून आकारात सूर लावतो, सरगम नाही. एकेका सुरावर मुक्काम करत राग वाढवणं ही किराणा घराण्याची तऱ्हा. इथे सूर एकटा येत नाही, शेजारच्या दोन-तीन सुरांना सोबत घेऊन वळण घेत येतो. एका वळणाच्या टोकातून दुसरं निघतं, मध्ये जोड दिसत नाही, दमसास मोठा लागतो. आलाप चालू असतानाही लयीचं भान सुटत नाही. मात्रांच्या मधल्या फटींतून सुरावट तिरकी निघते. बारावी मात्रा जवळ आली की सगळ्या हालचालीचा रोख मुखड्याकडे वळतो आणि गायक ओढाताण न करता समेवर येतो. आवर्तनात भरतीचं असं काही नसतं. सम चुकवायची नाही आणि समेसाठी घाईही करायची नाही, ही शिस्त पहिल्या दिवसापासून.

ही बंधनं एकमेकांना धरून आहेत. सूर जोडून गायचे ठरल्यावर जोडराग आणि अनवट राग हाताशी येतात, कारण त्या रागांची ओळखच सुरांच्या विशिष्ट जोडणीत असते. म्हणून नट-कामोद, बसंती-केदार, सावनी, खोकर असे राग या घराण्याची खूण बनले. लय आलापातच विणलेली असल्याने तानही वेगळी चिकटवावी लागत नाही, ती आलापातूनच निघते. एखादं बंधन सैल केलं की बाकीची लगेच लंगडी पडतात. शिष्याला चूक कुठे झाली ते त्यामुळे स्वतःलाच कळू लागतं, आणि शिकवण्याच्या पद्धतीत ही फार मोठी सोय आहे.

या पद्धतीची परीक्षा शिष्यांनी घेतली. मोगूबाई कुर्डीकर सांगलीत रियाज करत असताना तो खाँसाहेबांच्या कानावर पडला आणि त्यांनी आपण होऊन शिकवायला सुरुवात केली. केसरबाई केरकर लहानपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीमखाँकडे शिकल्या होत्या. पुढे अनेक गुरू करून 1921 मध्ये त्या खाँसाहेबांकडे आल्या आणि खाँसाहेबांच्या अखेरपर्यंत शिकत राहिल्या. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडकडचे, पाया ग्वाल्हेर घराण्याचा. खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ आणि 1937 मध्ये मंजीखाँ गेल्यावर दुसरे चिरंजीव भूर्जीखाँ यांच्याकडून त्यांनी ही गायकी घेतली. भूर्जीखाँनी कोल्हापुरात धोंडूताई कुलकर्णींनाही घडवलं. यांतले कोणतेही दोन आवाज सारखे नाहीत. केसरबाईंचा भरदार, मोगूबाईंचा लयीत काटेकोर, मन्सूरांचा अधीर, धावता. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर तर चौकट ओलांडून आपल्या वाटेने गेल्या, पण ओलांडायला आधी चौकट अंगात भिनलेली होती. 1977 मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. ज्या गुरूने स्वतःची तबकडी काढली नाही, त्याच्या शिष्येचा आवाज ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचला.

कोल्हापूर जिल्ह्यानेच खाँसाहेबांच्या अगदी उलट वाटेने जाणारा माणूसही दिला. विष्णू दिगंबर पलुस्कर, जन्म 1872, गाव कुरुंदवाड. लहानपणी फटाक्याने डोळे दुखावले, नेहमीचं शिक्षण अवघड झालं आणि त्यांना मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. गुरूच्या घरी राहून, पडेल ते काम करून शिकण्याची जुनी रीत त्यांनी पुरती भोगली. मग 5 मे 1901 रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही लोकांच्या वर्गणीवर, कुणा राजाच्या आश्रयावर नाही. वर्ग, वेळापत्रक, क्रमिक पुस्तकं, स्वतःची स्वरलिपी. शिकून बाहेर पडलेल्याने पुढे शिकवायचं, अशी मांडणी. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, मूळ कोल्हापूरचे नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही याच शाळेची माणसं. 1931 मध्ये पंडितजी गेले, त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या त्याच्या परीक्षा आजही गावोगाव होतात.

पलुस्करांमुळे मध्यमवर्गीय घरातल्या मुलीबाळींना उजळ माथ्याने गाणं शिकता आलं, हे उपकार मोठे आहेत. पण वहीत उतरते ती बंदिश आणि रागाचे नियम; दोन सुरांमधलं वळण वहीत राहत नाही. विशारद झालेल्या मुलाला रागाचे वादी-संवादी पाठ असतात आणि पाच मिनिटं आलाप करताना धाप लागते, हे अनेक शिक्षक खेदाने सांगतात. तालमीची उणीव दुसऱ्या बाजूला आहे. ती मूठभरांनाच मिळते, गुरूच्या मर्जीवर चालते, आणि गुरू गेला की पेटीत राहिलेल्या चिजा त्याच्याबरोबर जातात. मला विचाराल तर खोली खाँसाहेबांच्या रीतीत जास्त आहे. एखादी जागा गळ्यावर चढेपर्यंत समोर बसून पुन्हा पुन्हा म्हणवून घेणारा माणूस असल्याशिवाय कोणतीही कला पुढच्या पिढीत पुरती उतरत नाही. वही त्या माणसाला मदत करते, त्याची जागा घेत नाही.

आता एक मागणं. कोल्हापूर, सांगली, मिरज, इचलकरंजी या पट्ट्यातल्या अनेक घरांत गाणं होतं. कुणाच्या आजीने तालीम घेतली, कुणाच्या आजोबांनी तबल्याची साथ केली. माळ्यावर चिजांच्या वह्या असतील, स्पूल किंवा कॅसेट असतील. मैफलीची ध्वनिमुद्रणं लोक जपतात. गुरू शिष्याला थांबवून ‘हे पुन्हा म्हण’ सांगतो त्या तालमीची मात्र कुणी पर्वा करत नाही, आणि शिकणाऱ्याला खरी गरज तिचीच असते. कॅसेटची फीत ओलीने चिकटते, बुरशी धरते. या दिवाळीच्या साफसफाईत असं काही हाती लागलं, तर रद्दीत घालू नका. गायन समाज देवल क्लब किंवा शिवाजी विद्यापीठाचा संगीत विभाग इथे जाऊन चौकशी करा, जाणकाराला ऐकवा, आणि त्याची एक प्रत करून ठेवा.