अपयशाची वर्दी

संगणकाला हुकूम द्यावा, त्याने तो निमूटपणे स्वीकारावा, आणि अंमलबजावणी फसली तर तेही तितक्याच निमूटपणे पडद्याच्या तळाशी दोन ओळींत नोंदवून मोकळे व्हावे, ही रीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीत ज्यांचा दिवस कोड एडिटरसमोर जातो, त्यांना याचा प्रत्यय नेहमी येतो. बराच वेळ चालणारे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवण्याचे काम, सुरू करून माणूस दुसऱ्या कामात गुंततो, आणि परत येऊन पाहतो तो ते आरंभीच कोसळलेले असते. हा कालापव्यय टाळण्यासाठी एडिटरला जोडता येणारी लहान एक्स्टेन्शन निघाली आहेत. कमांड फसली की ती तत्क्षणी आवाज करतात. पुष्कळ तरुण त्यांत गमतीचे आवाज घालतात आणि त्यामुळे हा सारा प्रकार करमणुकीचा आहे असा ग्रह होतो. माझे मत निराळे आहे. अपयशाची वर्दी कानावर घालणे ही यंत्राची जबाबदारी आहे, आणि ज्यांना पडदा दिसतच नाही अशा प्रोग्रॅमरांच्या बाबतीत तर त्यांना या व्यवसायात बरोबरीने उभे राहता येईल की नाही, हे बव्हंशी तिच्यावर अवलंबून आहे.

यंत्राने घंटानादाने माणसाला सावध करावे ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. टंकलेखकाची नजर समोरच्या मसुद्यावर खिळलेली असे. म्हणून ओळ संपायला काही अक्षरे उरली असता टाइपरायटर बारीकशी घंटा वाजवी, आणि कचेरीतला कारकून मान न वळवता पुढच्या ओळीवर येई. वृत्तपत्रांच्या कार्यालयांत टेलिप्रिंटरवर तातडीची बातमी येऊ लागली की घंटा वाजे. १९६३ साली अक्षरांना अंक नेमून देणारी आस्की ही सांकेतिक प्रणाली अमेरिकेत प्रसिद्ध झाली, तेव्हा या घंटेसाठीही ७ हा अंक राखून ठेवण्यात आला; तो टर्मिनलकडे, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीकडे, पाठवला तर, आवाज बंद केलेला नसल्यास, आजचा संगणकही टिणकन वाजतो. मात्र ही घंटा प्रोग्रॅमने मुद्दाम वाजवावी लागते. कमांड फसली एवढ्याने ती आपोआप वाजत नाही. हा दुवा जोडण्याचे काम एक्स्टेन्शन करते.

ते कसे, हे समजणे कठीण नाही. युनिक्स या संगणक-प्रणालीच्या परंपरेत प्रत्येक कमांड संपताना आपल्यामागे एक अंक ठेवून जाते. शून्य म्हणजे काम फत्ते. १ ते २५५ यांपैकी कोणताही अंक म्हणजे काहीतरी बिनसले. १२७ आला तर त्या नावाची कमांडच सापडली नाही असे समजावे. १२६ आला तर ती सापडली, पण चालवता आली नाही. हा अंक एरवी पडद्यावर उमटत नाही. माणसाचे हुकूम संगणकापर्यंत पोहोचवणाऱ्या शेल नावाच्या मध्यस्थाजवळ तो राहतो. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या २०१५ पासून प्रचारात आलेल्या एडिटरमध्ये अशी व्यवस्था आहे की कमांड संपताच शेलने टर्मिनलकडे एक अदृश्य खूण पाठवावी आणि तिच्यात तो अंक घालावा. २०२४ पासून एक्स्टेन्शनांनाही तो वाचण्याची रीतसर मुभा मिळाली. पुढचा व्यवहार सरळ आहे: अंक शून्य असेल तर गप्प राहावे, नसेल तर आवाज करावा.

तथापि एवढ्यावरच विसंबणारे एक्स्टेन्शन लवकर नकोसे होते. ग्रेप ही शोध घेणारी कमांड हवा तो शब्द फाइलीत आढळला नाही तर १ हा अंक मागे ठेवते, आणि डिफ ही कमांड दोन फाइलींत फरक आढळला तर तेच करते. वस्तुतः दोन्ही ठिकाणी कमांडने आपले काम चोख बजावलेले असते. कंट्रोल आणि सी या कळा दाबून आपणच चालू काम थांबवले तर बहुधा १३० येतो. त्याला अपयश म्हणणे अन्यायाचे. उठल्यासुटल्या हाकाटी करणाऱ्या पहारेकऱ्याकडे खऱ्या प्रसंगी कोणी लक्ष देत नाही, म्हणून कोणत्या अंकावर मौन पाळायचे हे ठरवण्याची सोय एक्स्टेन्शनमध्ये असलीच पाहिजे.

डोळस माणसाच्या दृष्टीने येथवरचा सारा प्रश्न सोयीचा आहे. दृष्टिहीन प्रोग्रॅमर स्क्रीन रीडरच्या साहाय्याने काम करतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर एकेक ओळ करून ऐकतो. चुकीच्या शब्दाखाली उमटलेली लाल नागमोडी रेघ डोळस माणसाला ओझरत्या दृष्टिक्षेपात कळते. कानाला असा दृष्टिक्षेप उपलब्ध नाही. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या २००५ साली स्थापन झालेल्या संशोधनसंस्थेने हा प्रश्न हाती घेतला. स्वतः दृष्टिहीन असलेले व्यंकटेश पोटलुरी, तसेच मनोहर स्वामिनाथन आणि त्यांचे सहकारी यांनी व्हिज्युअल स्टुडिओ या प्रणालीसाठी ‘कोडटॉक’ नावाचे एक्स्टेन्शन तयार केले, आणि २०१८ साली माँट्रियल येथे भरलेल्या मानव-संगणक परस्परसंबंधांवरील आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यावरील निबंध सादर झाला. दृष्टिहीनांच्या अडचणींची त्यांनी चार भागांत वर्गवारी केली: एडिटरमधील सोयींचा पत्ताच न लागणे, कोडचा आराखडा एका नजरेत न कळणे, त्यात सहज फिरता न येणे, आणि घडलेल्या गोष्टीची सूचना वेळेवर न मिळणे. आपल्या विषयाचा संबंध या चौथ्या अडचणीशी आहे.

कोडटॉक चालू असताना लिहिणाऱ्याकडून एखादा कंस मिटवायचा राहिला, तर त्याचे लिखाण न थांबवता चुकीचा ध्वनी कानी पडतो आणि बोट अजून त्याच ओळीवर असतानाच दोष हाती लागतो. याहून कल्पक तरतूद ‘टॉकपॉइंट’ची. डोळस प्रोग्रॅमर दोष शोधताना प्रोग्रॅम मध्येच एका ओळीवर थांबवतो आणि त्या क्षणीच्या किमती पडद्यावर तपासतो. टॉकपॉइंट लावलेल्या ओळीवर प्रोग्रॅम आला की तो ठरवून दिलेला ध्वनी करतो, वाक्य उच्चारतो किंवा हवी ती किंमत बोलून दाखवतो, आणि थांबायचे की पुढे चालायचे हे लावणाऱ्याने आधीच सांगून ठेवलेले असते. एखादे आवर्तन वीस वेळा चालावे अशी अपेक्षा असताना ध्वनी एकदाच ऐकू आला, तर दोष कोठे आहे याचा सुगावा तेथेच लागतो.

या विचाराचे आणखी जुने मूळ शोधू गेल्यास आपण पुण्याला येऊन पोहोचतो. टी. व्ही. रामन यांचे बालपण पुण्यात गेले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेऊन ते मुंबईच्या आयआयटीत गेले, आणि तेथे त्यांनी गणितातील वक्ररेषा ध्वनीच्या द्वारे ‘पाहता’ येतील असा प्रोग्रॅम रचला. पुढे कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट संपादन केल्यावर १९९५ साली त्यांनी ईमॅक्स या एडिटरसाठी ‘ईमॅकस्पीक’ प्रसिद्ध केले. त्यात फाइल उघडली, जतन झाली, काही पुसले गेले, सावध राहण्याजोगे घडले, अशा प्रत्येक घटनेला स्वतंत्र छोटे श्रवणचिन्ह आहे. वाक्य ऐकण्यात जाणारा वेळ त्याने वाचतो आणि मुख्य मजकुराचे श्रवणही अखंड राहते. ज्याला स्वतःलाच त्याची निकड होती अशा माणसाने हे साधन घडवले, म्हणूनच ते अल्पाक्षरी आणि नेमके झाले.

आज व्हीएस कोडमध्ये टर्मिनलमधील कमांड फसल्याचा ध्वनी मूळ एडिटरातच उपलब्ध आहे, तोही दृष्टिहीनांच्या सोयींच्या सदरात. म्हणजे दृष्टिहीनांसाठी केलेली तरतूद डोळसांच्याही कामी येते. ती केवळ आपल्याच उपयोगाची समजून एक्स्टेन्शन घडवणाऱ्या डोळसांनी काही पथ्ये पाळली पाहिजेत. आवाज आखूड असावा. स्क्रीन रीडर बोलत असताना त्यावर लांबलचक संवाद आदळणे म्हणजे ऐकणाऱ्याच्या वाचनात व्यत्यय आणणे होय. कमांड सापडली नाही आणि चाचणी नापास झाली, या दोहोंचे आवाज निरनिराळे असावेत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तीच सूचना दृश्य रूपातही मिळावी. आणि एक्स्टेन्शन लोकांपुढे ठेवण्यापूर्वी एखाद्या दृष्टिहीन प्रोग्रॅमरला ते वापरू देऊन त्याचा अभिप्राय घ्यावा. बेंगळुरूसारख्या नगरात असा माणूस सापडणे अशक्य नाही. त्याला विचारण्याची पद्धत मात्र आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांपासूनच पडली पाहिजे, कारण जे तेथे अभ्यासक्रमाचा भाग होते तेच पुढे कचेरीत शिरस्ता म्हणून टिकते.