आधी कळतं ते मित्राला

कुंभकोणमला कुणी मराठी पाहुणा आला की मी त्याला सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या रामानुजनच्या घरी नेते. शास्त्र विद्यापीठाने ते घर छान जपलंय. रस्त्याकडेला खिडकी, खिडकीशी खाट, बाहेर ओटा. पाहुणे नमस्कार करतात, फोटो काढतात. गणिती म्हणून रामानुजनची थोरवी सगळ्यांनाच माहीत असते. पण 1905 च्या ऑगस्टमध्ये कॉलेजात नापास झालेला सतरा वर्षांचा रामानुजन कुणाला न सांगता घर सोडून निघून गेला होता, हे सहसा कुणी ऐकलेलं नसतं.

शाळेत बक्षिसं मिळवणारा हा मुलगा 1904 मध्ये इथल्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीवर दाखल झाला. गणित सोडून त्याचं कशातच मन लागेना. इंग्रजीत तो नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. सत्राची फी 32 रुपये, आणि कापडाच्या दुकानात कारकुनी करणाऱ्या वडिलांचा पगार महिना 20 रुपयांच्या घरात. मुलगा थेट विशाखापट्टणमला गेला. घरच्यांनी शोधाशोध केली, 'हिंदू'मध्ये मुलगा हरवल्याचं छापून आलं. तो परत आला, पुढे मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजात गेला आणि तिथे एफ.ए.च्या परीक्षेत 1906 आणि 1907 अशी लागोपाठ दोनदा नापास झाला.

त्यानंतरच्या बेकारीच्या, आजारपणाच्या वर्षांत त्याला कुणी सावरलं? राधाकृष्ण अय्यर या कॉलेजातल्या मित्राने त्याला आजारी अवस्थेत घरी ठेवून घेतलं. आपलं काही बरंवाईट झालं तर या वह्या प्राध्यापकांकडे पोचव, असं सांगून रामानुजनने आपल्या गणिताच्या वह्या त्याच्याच हाती दिल्या होत्या. सी. व्ही. राजगोपालाचारी हा कुंभकोणमचा शाळासोबती. मद्रासला दोघांची गाठ पडली तेव्हा रामानुजन पार खचला होता. या मित्राने त्याला गावी परत जाऊ दिलं नाही आणि आर. रामचंद्र राव या कलेक्टरांपर्यंत नेऊन पोचवलं. पुढचा केंब्रिजचा रस्ता तिथून सुरू झाला. लंडनमध्ये 1918 साली रामानुजनने जीव देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पोलिसांच्या हातून त्याला सोडवायला धावले ते केंब्रिजमधले त्याचे सहकारी गणिती हार्डी. आत्महत्येचा प्रयत्न त्या काळात इंग्लंडमध्ये गुन्हा होता.

मी इथल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. माहेर साताऱ्याचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे कावेरीकाठी आले आणि इथेच रमले. वर्गातल्या मुलांकडे बघताना रामानुजनच्या मित्रांची मला फार आठवण येते, कारण पोर आतून ढासळतंय हे आजही सगळ्यात आधी बाकावर शेजारी बसणाऱ्यालाच कळतं. आम्हा शिक्षकांना ते हजेरीपटावरून कळतं आणि आईवडिलांना निकालावरून. तोवर बराच उशीर झालेला असतो.

आमच्या कॉलेजात मुलांचा एकमेकांना सावरणारा एक गट आहे, तो याच अनुभवातून उभा राहिला. तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा वर्गात यायचा बंद झाला. त्याचे पाच पेपर राहिले होते. आपल्याकडे ज्याला केटी म्हणतात त्याला इथे अरिअर म्हणतात. तो रात्रभर जागा असतो, जेवत नाही, व्हॉट्सॲपवरून निरोपाच्या भाषेत बोलतो, हे त्याच्या चार वर्गमित्रांना दोन महिने माहीत होतं. कुणाला सांगावं हे मात्र त्यांना सुचत नव्हतं. शेवटी एका दुपारी चौघंही पापनाशमच्या बाजूच्या त्याच्या गावी बसने गेली आणि त्याच्या घरच्या ओसरीवर संध्याकाळपर्यंत बसून राहिली. परीक्षेचा विषय कुणी काढला नाही. त्यातल्या एका मुलीने मात्र त्याला सरळ विचारलं, 'तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?' तो रडला आणि हो म्हणाला. त्याच रात्री त्यांनी त्याच्या मोठ्या भावाला सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी भाऊ त्याला तंजावरला डॉक्टरांकडे घेऊन गेला. आज तो मुलगा नोकरीला आहे. गटाच्या बैठकीला कधीकधी येतो.

असा थेट प्रश्न विचारला तर नसता विचार डोक्यात घालून दिल्यासारखं होईल, ही भीती सगळ्यांनाच वाटते. ती खरी नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कुलांमधल्या 2,342 मुलांवर संशोधकांनी हे तपासलं आणि 2005 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारल्यामुळे मुलांचा त्रास वाढला नाही. आधीच खचलेल्या मुलांना तर त्या प्रश्नाने थोडं हलकंच वाटलं. त्या मुलीने हे संशोधन वाचलेलं नव्हतं. तिला मित्राची काळजी होती, इतकंच.

एकदा जमलं म्हणून दर वेळी जमेलच असं नाही, हे त्या चौघांना लगेच उमगलं. त्यांनी मला गाठलं आणि मी तंजावरच्या एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी घेतलेलं पहिलं शिबिर माझ्या डोळ्यांसमोर आहे. वर्गात दोन खुर्च्या समोरासमोर. एकाने त्रासलेला विद्यार्थी व्हायचं, दुसऱ्याने ऐकायचं. पहिल्या जोडीतला ऐकणारा मुलगा अर्ध्या मिनिटात म्हणाला, 'एल्लाम सरियागिडुम', म्हणजे सगळं ठीक होईल. डॉक्टरबाईंनी थांबवलं. दुसऱ्या जोडीतली मुलगी म्हणाली, माझ्या ताईचेही अरिअर होते, तिने असा अभ्यास केला. पुन्हा थांबवलं. मग त्यांनी नियम घातला, पहिली दहा मिनिटं सल्ला द्यायचा नाही, स्वतःची गोष्ट सांगायची नाही, फोन पालथा ठेवायचा, आणि समोरचा जे बोलला ते आपल्या शब्दांत त्याला परत सांगून 'बरोबर ना?' असं विचारायचं. खोली एकदम शांत झाली. ज्याला त्रासलेल्या मुलाचं काम दिलं होतं तो तिसऱ्या फेरीत सोंग विसरून खरंच बोलायला लागला. घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेला, वडील विड्याच्या पानांच्या मळ्यात मजुरी करणारे, आणि मावशीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नजर याच्या निकालावर. त्याचं बोलणं संपेपर्यंत समोरच्या मुलीने नियम मोडला नाही.

डॉक्टरबाईंनी दुसरी गोष्ट शिकवली ती मला ऐकण्याइतकीच मोलाची वाटते: जीवाला धोका आहे असं वाटलं तर ती गोष्ट गुपित ठेवायची नाही. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मुळात द्यायचंच नाही. मैत्रीतली ही सगळ्यात अवघड पायरी. सोळा ते वीस वर्षांच्या वयात शब्द मोडणं म्हणजे दगा, अशीच भावना असते. म्हणून मुलांनी वाक्यच ठरवून घेतलंय: 'तुला एकट्याला सोडणार नाही, आपण मिळून कुणाला तरी सांगू.'

मुलांनी मुलांसाठी असं काही उभं करण्याची परंपरा जगभर आहे. इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 1970 मध्ये रात्री फोनवर ऐकून घेणारी 'नाइटलाइन' सुरू केली आणि ती इतर विद्यापीठांत पसरली. अमेरिकेत ॲलिसन मॅल्मन या विद्यार्थिनीचा थोरला भाऊ 2000 साली आत्महत्येने गेला. आपला त्रास त्याने बराच काळ लपवून ठेवला होता. पुढच्याच वर्षी तिने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात विद्यार्थ्यांचा गट सुरू केला, त्यातूनच आजची 'ॲक्टिव्ह माइंड्स' संस्था उभी राहिली. अमेरिकेतल्या 18 हायस्कुलांमध्ये झालेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या शाळांमधल्या प्रशिक्षित विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार करणाऱ्या मित्राबद्दल मोठ्यांना सांगण्याचं प्रमाण, प्रशिक्षण न मिळालेल्यांच्या चौपट होतं.

तमिळनाडू सरकारने 22 डिसेंबर 2022 रोजी 'मनम' नावाची योजना आणली. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसिक आरोग्याचे मंच, आणि त्यात विद्यार्थ्यांमधूनच निवडलेले दूत, अशी तिची रचना. भावी डॉक्टरांपासून सुरुवात झाली हे मला फार योग्य वाटलं, कारण डॉक्टर होणाऱ्या मुलांनाही स्वतःच्या मनाबद्दल बोलायची अनेकदा लाज वाटते. आपल्याकडे महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि साताऱ्याची 'परिवर्तन' संस्था 'मानसमित्र' तयार करतात. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर या कामाला भावनिक प्रथमोपचार म्हणतात. पुण्यातल्या इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य केंद्र आणि गोव्याची 'संगथ' यांच्या 'आउटलिव्ह' उपक्रमात पुणे, मुंबई आणि दिल्लीतल्या तरुणांशी त्यांच्याच वयाचे प्रशिक्षित स्वयंसेवक चॅटवर बोलतात.

याची गरज किती आहे ते आकडे सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात सर्वांत जास्त, 1,764, महाराष्ट्रातले आणि त्याखालोखाल 1,416 तमिळनाडूतले. माझं माहेरचं राज्य आणि आताचं राज्य त्या वर्षीच्या यादीत वरच्या दोन जागांवर होती. वर्गात हे आकडे मी फळ्यावर लिहीत नाही. त्यातला प्रत्येक जण कुणाच्या तरी शेजारच्या बाकावर बसत होता, हे मुलांना सांगते.

आणि नुसतं ऐकून सगळं सुटत नाही, हेही सांगायला हवं. कोळ्ळिडम नदी ओलांडली की अरियलूर जिल्हा लागतो. तिथली अनिता ही दलित मजुराची मुलगी बारावीला 1,200 पैकी 1,176 गुण मिळवून उत्तीर्ण झाली होती. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या विरोधात ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 1 सप्टेंबर 2017 रोजी तिने जीवन संपवलं. अशा मृत्यूचं एकच कारण कधीच नसतं. तरी परीक्षेची आणि प्रवेशाची व्यवस्था मुलांना किती कोंडीत पकडते, हा प्रश्न तिच्यामुळे सगळ्या राज्याला विचारावा लागला. व्यवस्था बदलल्याचा उपयोग होतो. बारावीला नापास झालेल्या मुलांची पुरवणी परीक्षा इथे लगेच होते आणि वर्ष वाया जात नाही. चेन्नईत 1986 पासून काम करणाऱ्या 'स्नेहा' संस्थेच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी यासाठी सातत्याने आग्रह धरला. महाराष्ट्रातही आता निकालानंतर लवकरच फेरपरीक्षा होते. माझ्या मते एका फेरपरीक्षेने जितकी मुलं वाचतात तितकी शंभर भाषणांनी वाचत नाहीत.

या गावाला मुलांचं दुःख नवं नाही. 16 जुलै 2004 रोजी इथल्या शाळेला आग लागून 94 मुलं गेली. त्यांचे आईवडील दरवर्षी त्या दिवशी जमतात, मेणबत्त्या लावतात, मुलांची नावं घेतात. आमच्या गटातली मुलं त्या दिवशी तिथे मागे उभी राहतात. ज्यांना काही बोलायचं असेल त्यांच्याजवळ बसतात. एरवी बोलायला कुणी नसलेल्या आया त्या दिवशी बोलतात.

गटाच्या मुलांची मला काळजीही वाटते. दुसऱ्याचं ऐकून ऐकून तीही थकतात. गेल्या वर्षी एका मुलीने सांगितलं, की रात्री फोन वाजला की छातीत धडधडतं. तेव्हापासून रात्री दहानंतर फोन घ्यायचा नाही, त्याऐवजी 14416 हा टेली-मानसचा नंबर द्यायचा, असं ठरलंय. हा सरकारी नंबर देशभर चोवीस तास मोफत चालतो. इथे तमिळमध्ये बोलता येतं, महाराष्ट्रात मराठीत. महिन्यातून एकदा डॉक्टरबाई फक्त ऐकणाऱ्यांचं ऐकायला येतात.

विद्यार्थी उत्साही आहेत, फुकट काम करतात, मग समुपदेशक कशाला नेमायचा, असा हिशेब काही संस्थाचालक करतात, याची मला चीड येते. पोहता येणाऱ्या मुलांवर सगळ्या नदीची राखण सोपवण्यासारखं आहे ते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असायलाच हवा. आमच्या मुलांनी त्या निकालाची प्रत काढून अर्जाला जोडली आणि प्राचार्यांना दिली. अर्जात तीन मागण्या होत्या: दार लागेल अशी एक खोली, पूर्णवेळ समुपदेशक, आणि अंतर्गत परीक्षेचे गुण सूचनाफलकावर नावानिशी लावणं बंद.

खोली मिळाली, ग्रंथालयाच्या मागची. गुण आता ज्याचे त्यालाच कळवले जातात. समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस येतात, मंगळवारी आणि शुक्रवारी. मुलांना ते रोज हवेत, आणि दुसऱ्या अर्जाचा मसुदा परवा त्यांनी माझ्याकडे तपासायला दिलाय.