यंत्राला आकाश दाखवताना

हातखंब्याचा तिठा कोकणात प्रवास करणाऱ्या बहुतेकांच्या ओळखीचा. एक रस्ता मुंबईकडे जातो, दुसरा गोव्याकडे, तिसरा रत्नागिरीत उतरतो. तिथली पाटी कितीही अचूक असो. आपले तोंड कुठल्या दिशेला आहे हेच ज्याला कळत नाही, त्याला तिचा उपयोग नाही. संगणक बसवलेल्या दुर्बिणीचेही असेच असते. तिच्या हातातल्या संचात हजारो तारे, तेजोमेघ आणि दीर्घिकांचे पत्ते साठवलेले असतात. पण आपण कुठे उभे आहोत, किती वाजले आणि समोरचा तारा कोणता, हे तिला कोणीतरी सांगावे लागते.

१९९२ मध्ये मीड कंपनीची एलएक्स२०० ही दुर्बीण बाजारात आली आणि बटण दाबून तारा शोधण्याची सोय हौशी मंडळींच्या आवाक्यात येऊ लागली. आता तर लहान दुर्बिणींनाही ती असते. मुलांच्या हौसेखातर दुर्बीण घरी येते, पहिल्या रात्री भलतीकडेच तोंड करते, दुसऱ्या रात्री मंडळी कंटाळतात आणि खोके माळ्यावर जाते. दोष बहुधा यंत्राचा नसतो.

सुरुवात स्थळकाळाने करावी. हातखंब्याचा अक्षांश सुमारे १७ अंश उत्तर आणि रेखांश सुमारे ७३.४ अंश पूर्व. अनेक संच अमेरिकी पद्धतीने आधी महिना आणि मग तारीख विचारतात. ‘पूर्व’ऐवजी ‘पश्चिम’ पडले, तर यंत्राचे आकाश जवळजवळ दहा तासांनी सरकते; डोक्यावरची रोहिणी त्याच्या लेखी क्षितिजाखाली जाते. वेळ भारतीय प्रमाणवेळ, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची. घड्याळ चार मिनिटे चुकले, तर आकाशात एक अंशाची, म्हणजे दोन पूर्णचंद्रांच्या रुंदीची चूक होऊ शकते.

मग दोन ताऱ्यांची ओळख. येथे आजोबांचे नक्षत्रज्ञान कामी येते. यंत्राच्या यादीतला अल्डेबरान म्हणजे आपली रोहिणी, आर्क्टुरस म्हणजे स्वाती, व्हेगा म्हणजे अभिजित आणि सिरियस म्हणजे व्याध. एकमेकांपासून दूर असलेले, फार खाली नाहीत आणि अगदी माथ्यावरही नाहीत, असे दोन तारे निवडावेत. तारा दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर आणताना शेवटची हालचाल नेहमी एकाच बाजूने करावी. चक्रांच्या दातांमध्ये थोडा सैलपणा असतो, तो त्यामुळे एका बाजूला दाबला जातो. हा सैलपणा भरून काढणारे आकडेही अनेक संचांत घालता येतात.

पुढच्या सोयी याच पायावर उभ्या आहेत. मृगातला तेजोमेघ पाहायचा, तर आधी जवळचा राजन्य तारा मध्यावर आणून ‘सिंक’ करावे; आकाशाच्या त्या भागात नेम सुधारतो. गतीही निवडता येते. चंद्र ताऱ्यांच्या मानाने तासाला साधारण स्वतःच्या रुंदीएवढा पूर्वेकडे सरकतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी चांद्रगती ठेवलेली असते. रात्र संपताना दुर्बीण नुसती बंद न करता ‘पार्क’ केली आणि तिवई जागची हलवली नाही, तर दुसऱ्या दिवशी ताऱ्यांची ओळख पुन्हा करून द्यावी लागत नाही.

पण तिवई ठेवावी कुठे? याचे उत्तर याच किनाऱ्यावर सव्वाशे वर्षांपूर्वी मिळाले होते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गाला आले. ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांचे मदतनीस होते. उपकरणांसाठीचे पक्के चौथरे ‘साहेबाचे ओटे’ म्हणून आजही किल्ल्यात दाखवतात. खग्रास स्थिती टिकणार होती जेमतेम दोन मिनिटे. तेवढ्यात उपकरण हलून चालले नसते. मऊ मातीच्या अंगणात तिवईचे पाय रुततात आणि जुळवणी बिघडते. त्यापेक्षा जांभ्याचा कातळ बरा.

कोकणातला खरा शत्रू मात्र ओल. दवाने भिजलेल्या भिंगावर तसेच झाकण लावले, की आत बुरशी धरते, आणि ती एकदा धरली की कुठलाही संगणक ती काढू शकत नाही. आधी वारा लागू द्यावा, मग झाकण लावावे. पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात. आणखी एक ताकीद: पुढच्या तोंडाला खास सौर गाळणी बसवल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नये. काही संचांत सूर्याचे नाव मुद्दाम लपवलेले असते, ते याच कारणाने.

एवढे सांभाळले, तर दक्षिणेकडचे आकाश आपल्याला भरभरून देते. नरतुरंगातला ओमेगा हा सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ लंडनहून कधीच दिसत नाही. हातखंब्याहून तो मेच्या पूर्वार्धात रात्री साडेदहा-अकराला दक्षिणेस सुमारे पंचवीस अंश वर येतो. पाऊस सुरू होण्याआधीच्या एखाद्या निरभ्र रात्री, तिठ्यावरच्या दिव्यांपासून दूर जाऊन, मुलांनाच बटण दाबू द्यावे. मात्र त्याआधी चित्रा कुठली आणि स्वाती कुठली, हे त्यांनी बोटाने दाखवायला हवे. यंत्राला आकाश दाखवता दाखवता ते आपल्यालाही ठाऊक होते, आणि ती ओळख वीज गेल्यावरही उरते.