'अहमदनगर'च्या दहा अक्षरांत 'मॅनेजर' कुठे लपलाय?

शिष्यवृत्ती परीक्षेत इंग्रजीचे २५ प्रश्न असतात, ५० गुणांचे. "दिलेली अक्षरं जुळवून शब्द बनवा", "इतक्या अक्षरांचा शब्द ओळखा" असा प्रश्न आला की आपली बरीच मुलं तो सोडूनच देतात. त्यांना वाटतं, शब्द आधी पाठ असेल तरच उत्तर येतं. तसं नाही. शब्द शोधायची एक पद्धत असते आणि ती घरी बसून शिकता येते. अम्मीला इंग्रजी येत नसलं तरी चालतं.

आपल्याच जिल्ह्याचं जुनं नाव घेऊ. अहमदनगर इंग्रजीत लिहिलं की दहा अक्षरं होतात: ए, एच, एम, ई, डी, एन, ए, जी, ए, आर. म्हणजे ए तीन वेळा आणि बाकीची सगळी एकेकदा. आता मुलाला सांगा, यातून सहा अक्षरांचा असा शब्द शोध ज्यात जी, एन आणि आर आहेत.

अंदाजाने का जमत नाही?

समजा जी, ए, आर, डी, ई, एन ही सहा अक्षरं हातात आहेत. ती एकापुढे एक मांडायचे ७२० प्रकार होतात. मूल अंदाजाने उलटापालट करत बसलं तर कंटाळणारच. पण इंग्रजी शब्दांचे शेवट ठरलेले असतात. शेवटी 'ई-आर' पक्कं केलं की उरतात चारच अक्षरं आणि फक्त २४ प्रकार. त्यात 'डेंजर' लगेच सापडतो. शेवटी 'ई-एन' ठेवलं तर 'गार्डन'. शेवटी 'ई-डी' ठेवलं तर 'रेंज्ड'. अक्षरं तीच सहा, शब्द तीन.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. जितकी अक्षरं हवीत तितक्या रिकाम्या चौकटी कागदावर काढा.

२. आधी शेवट बसवून बघा: ई-डी, ई-आर, ई-एन, आय-एन-जी.

३. मग स्वर बघा: ए, ई, आय, ओ, यू. यापैकी एकही नसेल तर बहुधा वाय त्यांचं काम करतो, जसं 'ड्राय' किंवा 'स्काय'मध्ये.

४. एकत्र राहणाऱ्या जोड्या शोधा: एस-एच, सी-एच, टी-एच, जी-आर, डी-आर.

५. शेवटी मोजा. जे अक्षर एकदाच दिलंय ते दोनदा वापरलं तर नाही ना?

तिसऱ्या पायरीवर उर्दू माध्यमाच्या मुलांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. उर्दूत जेर, जबर, पेश बहुधा लिहीत नाहीत, वाचणारा ते समजून घेतो. तीच सवय इंग्रजीत आली की मूल 'गार्डन' लिहिताना ई गाळतं. ते मूल मठ्ठ नसतं, त्याच्या लिपीची सवय तशी असते. चौकट रिकामी दिसली की त्याला स्वतःलाच कळतं, इथे काहीतरी राहिलंय.

अक्षरं मोजायची विद्या जुनी आहे

कोणतं अक्षर किती वेळा येतं हे मोजून गुप्त लिपी उलगडता येते, हे नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी यांनी लिहून ठेवलं. स्क्रॅबल हा खेळ बनवणाऱ्या आल्फ्रेड बट्स यांनीही वर्तमानपत्रातली अक्षरं मोजली होती. त्या खेळाच्या इंग्रजी संचात १०० सोंगट्या असतात. त्यातल्या १२ एकट्या ईच्या आणि क्यूची फक्त एक. क्यूला गुण मात्र १०, कारण तो बसवणं अवघड. क्यूच्या मागे जवळजवळ नेहमी यू लागतो.

पण इथे आपली मुलं पुढे आहेत. यू मागे नसलेले क्यूचे पाच अक्षरी शब्द इंग्रजी शब्दकोशांत आहेत: बुरखा (बी-यू-आर-क्यू-ए), निकाब (एन-आय-क्यू-ए-बी), तलाक (टी-ए-एल-ए-क्यू), फकीर (एफ-ए-क्यू-आय-आर). उर्दूत जिथे काफ (ق) तिथे इंग्रजीत क्यू, एवढं सांगितलं की मूल हे स्पेलिंग विसरत नाही.

मोबाईलचं काय?

अक्षरं टाकली की सगळे शब्द दाखवणाऱ्या साइट्स आहेत. त्या वाईट नाहीत, पण आधी उघडल्या तर मुलाच्या डोक्याला कामच उरत नाही. आधी दहा मिनिटं कागद-पेन्सिल, मग मोबाईलवर किंवा शब्दकोशात तपासणी. अम्मीने फक्त अक्षरं मोजायची आणि शब्दाचा अर्थ विचारायचा. अर्थ सांगता आला तरच गुण द्यायचा. रोज दोन शब्द पुरेत.

अहमदनगरमधून आमच्या वर्गात निघालेले शब्द असे: ड्रीम, आर्म्ड, अँगर, रेंज, हर्ड, ग्रँड, ड्रामा, अजेंडा आणि सात अक्षरांचा मॅनेजर. अहिल्यानगरमध्ये ई नाही, डी नाही, म्हणून 'ई-डी'चे शब्द निघत नाहीत. पण आय-एन-जी आहे, वाय आहे. त्यातून अगेन, रेनी, अँग्री, ग्रेन, लेइंग सापडतात.

आता घरी करून बघा. संगमनेर इंग्रजीत नऊ अक्षरांत लिहितात. त्यात आठ अक्षरांचा एक शब्द लपलाय. तो एकापेक्षा जास्त माणसांसाठी वापरतात आणि त्यातली सात अक्षरं वरच्या यादीत येऊन गेली आहेत.