नेदरकॉटचा आठवडा

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात इड्सली नावाचं छोटं खेडं आहे. तिथल्या नेदरकॉट हाउसमध्ये १९७६ पासून शहरी शाळांची मुलं मुक्कामाला येतात. शेत बघायला नव्हे, शेतावर राबायला.

लेखक मायकल मॉरपर्गो आधी शिक्षक होते. चार भिंतींतलं शिक्षण कित्येक मुलांपर्यंत पोचतच नाही, हे त्यांना आणि पत्नी क्लेअर यांना डाचत होतं. क्लेअर म्हणजे पेंग्विन प्रकाशनाचे संस्थापक ॲलन लेन यांची मुलगी. वडिलांकडून आलेला पैसा त्यांनी या जुन्या वाड्यात घातला आणि ‘फार्म्स फॉर सिटी चिल्ड्रन’ ही संस्था उभी राहिली. पुढे वेल्समधलं ट्रेगिनिस आणि ग्लॉस्टरशरमधलं विक कोर्ट ही शेतंही तिला जोडली गेली.

मुक्काम साधारण आठवड्याचा, शिक्षकांसह. सकाळीच गमबूट चढवायचे आणि कामाला लागायचं. कुणी गोठ्यातलं शेण काढतं, कुणी मेंढ्यांना चारा घालतं. खुराड्यात हात घातला की अंडं कोमट लागतं. त्याला पेंढ्याची काडी, थोडी घाणही चिकटलेली असते. दुकानातल्या खोक्यातली स्वच्छ अंडीच पाहिलेलं मूल ते हातात घ्यायला आधी बिचकतं. पण काम लुटुपुटीचं नसतं. डुकरांना कुणी खाणं घातलं नाही, तर ती उपाशी राहतील, हे मुलाला कळतं. माझ्या मते संस्थेची सगळी ताकद इथे आहे: मुलावर खरी जबाबदारी टाकली जाते.

शाळेत तोंडच न उघडणारा एक तोतरा मुलगा तिथे आला होता. एका संध्याकाळी मॉरपर्गोंनी पाहिलं, तो घोडीशी अखंड बोलत होता आणि ती जागची हलत नव्हती. घोड्याच्या तोंडून युद्धाची गोष्ट सांगण्याचं धैर्य त्यांना त्यातून आलं. त्यांची ‘वॉर हॉर्स’ ही कादंबरी १९८२ साली प्रसिद्ध झाली.

आपल्याकडेही कृषी पर्यटन केंद्रांवर शाळांच्या सहली जातात. बैलगाडीतून चक्कर, हुरडा, पिठलं-भाकरी आणि संध्याकाळी परतीची बस. तिथे चार दिवसांचा मुक्काम व्हायला हवा. मुलांनी भुईमुगाचे वेल उपटावेत, शेंगा तोडाव्यात, गोठा झाडावा, पहाटे धार काढताना शेजारी बसावं. शेतकऱ्याला त्याचे रीतसर पैसे मिळावेत. सहलीचा खर्च वाढेल. तो शाळांनी आणि पालकांनी मिळून उचलावा.