उघडे दार आणि अर्जाची खिडकी

माझे शिक्षण किती, असे कोणी विचारले की पूर्वी मी विषय बदलत असे. आता सांगून टाकतो. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. सुमारे अडीच लाख कामगार कामावरून बाहेर पडले, त्यांत माझे वडीलही होते. संप लांबला, घरातली तांब्यापितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली, आणि त्या जूनमध्ये मी शाळेऐवजी एका छापखान्यात खिळे जुळवायला जाऊ लागलो. खरे वाचायला मी तिथेच शिकलो, तेही उलट्या अक्षरांतून.

विसाव्या वर्षी मनात आले की बाहेरून दहावीला बसावे. त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, आणि फॉर्माला शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा. मी जुन्या शाळेत गेलो. कारकुनाने सांगितले, त्या सालचे रजिस्टर वाळवीने खाल्ले, दाखला मिळणार नाही. मी विचारले, मग करायचे काय? तो म्हणाला, ते मला कसे ठाऊक? आज मूळ दाखला नसेल तर त्याची दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र चालते. तेव्हा ते चालत होते की नव्हते, हे मला आजही सांगता येणार नाही, कारण मला कोणी सांगितले नाही आणि कोणाला विचारायचे हेही मला कळले नाही. पुढे कामगार संघटनेत आलो, दुसऱ्यांचे शेकडो अर्ज भरले. माझा तेवढा राहिला.

हे पुराण सांगण्याचे कारण असे की दोनेक वर्षांपूर्वी आमच्या चाळीतल्या एका मुलीचा अमेरिकेतून फोन आला. लग्न होऊन ती कॅलिफोर्नियात गेली, तिथली कायमची रहिवासी झाली. बारावीनंतर शिक्षण सुटलेले, आणि गुणपत्रिका २६ जुलै २००५ च्या पुरात गेलेली. तिला हिशेबनिशीचे शिक्षण घ्यायचे होते. ती म्हणाली, "काका, इथल्या कॉलेजाने दाखला मागितलाच नाही. काही फसवणूक तर नसेल?" मी म्हटले, फॉर्म पाठव, वाचून सांगतो. तेव्हापासून त्या कॉलेजांचे नियम आणि कायदे मिळतील तसे वाचत आलो. त्यातले जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

या संस्थांना तिकडे कम्युनिटी कॉलेज म्हणतात. त्यांतले सर्वांत जुने सरकारी कॉलेज इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली निघाले. पहिली दोन वर्षे गावातच शिकावे, पुढे वाटल्यास विद्यापीठात जावे, अशी ती योजना. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली अशी कॉलेजे सर्वत्र हवीत असे सांगितले आणि हे नाव रूढ झाले. आपल्याकडेही २०१३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने या नावाची योजना आणली. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. कॅलिफोर्नियात आज अशी ११६ कॉलेजे असून सुमारे २० लाख विद्यार्थी त्यांत शिकतात.

तिथला १९६० चा शिक्षणाचा मोठा आराखडा समजून घेण्याजोगा आहे. शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरच्या एक अष्टमांशांना राज्याचे मुख्य विद्यापीठ, वरच्या एक तृतीयांशांना राज्य कॉलेजे, आणि ज्याला ज्याला शिकण्याचा लाभ घेता येईल त्या प्रत्येकाला ही गावची कॉलेजे, अशी वाटणी त्यात केली. वरच्या दोन पायऱ्यांवर निवड आहे. खालच्या पायरीवर निवड नाही. कायद्याचे शब्द असे की शालान्त प्रमाणपत्र असलेल्या रहिवाशाला प्रवेश द्यावाच, आणि प्रमाणपत्र नसले तरी जो अठरा वर्षांचा झाला आहे व शिक्षणाचा लाभ घेण्यास समर्थ आहे, त्यालाही देता येईल. दाखला न मागण्याचे रहस्य एवढेच. तिच्या फोनवर मी तिला हेच वाचून दाखवले. माझाच घसा दाटून आला, ते तिला कळले नसावे.

पण श्रोते हो, दार उघडे असणे निराळे आणि खिडकीवरचा अर्ज पार पडणे निराळे. प्रवेश मिळतो, पण पुढचा प्रश्न येतो तो रहिवासाचा. सत्र सुरू होण्यापूर्वी एक वर्षाहून अधिक काळ राज्यात राहिल्याचे आणि पुढेही राहण्याचा इरादा असल्याचे दाखवावे लागते. दाखवता आले तर फी एककाला ४६ डॉलर; हा दर २०१२ पासूनचा. आठवड्याला एक तास वर्गात बसणे म्हणजे साधारण एक एकक, म्हणून तीन एककांचा विषय १३८ डॉलरला पडतो. रहिवास दाखवता आला नाही तर तोच विषय कितीतरी पट महाग. १९८४ पर्यंत या कॉलेजांत रहिवाशांना फीच नव्हती, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

आता ज्यांची परिस्थिती चाकोरीबाहेरची आहे त्यांचे काय? आईबापांबरोबर लहानपणी आले, शाळा तिथेच शिकले, पण देशात राहण्याचा परवाना नाही, अशी हजारो मुले आहेत. त्यांच्यासाठी २००१ साली कायदा झाला : तीन वर्षे राज्यात हायस्कूल शिकून जो उत्तीर्ण झाला त्याच्याकडून परगावची फी घेऊ नये. त्याने फक्त प्रतिज्ञापत्र द्यायचे, की कायदेशीर होण्याची संधी मिळेल तेव्हा मी अर्ज करीन. २०१७ साली हायस्कूलबरोबर प्रौढशाळेतली आणि कॉलेजातली वर्षेही धरण्याची सोय झाली. या कायद्यावर वाद झाले आणि होत आहेत. अजून शाळेत असलेल्या मुलालाही कॉलेजातला विषय घेता येतो. मुख्याध्यापकाची शिफारस आणि पालकांची संमती लागते, मात्र नाव नोंदवताना त्याचा नंबर मागे, म्हणजे नेहमीच्या विद्यार्थ्याची जागा जाऊ नये. उलट सैन्यातून परतलेले, अपंग, आणि सरकारी देखरेखीखाली परक्या घरी वाढलेली पोरकी मुले यांना नंबर पुढे मिळतो. तुरुंगातल्या लोकांसाठी समोरासमोर वर्ग घेण्याची वाट २०१४ च्या कायद्याने मोकळी केली.

आणखी एक अडथळा कॉलेजाच्या आत होता. प्रवेश दिल्यावर गणिताची व इंग्रजीची चाचणी घेत आणि कमी गुण पडले की पूर्वतयारीच्या वर्गात बसवीत. त्या वर्गांचे गुण पदवीला धरत नसत. एकावर एक असे तीन-तीन वर्ग, आणि प्रत्येकात काहीजण गळायचे. ज्यांना गळावे लागले ते बहुधा कामावर जाणारे आणि गरिबाघरचे. २०१७ साली झालेल्या कायद्याने हायस्कूलचे गुण पाहून विद्यार्थ्याला शक्य तोवर सरळ पदवीच्याच विषयात बसवण्यास सांगितले. काही शिक्षक म्हणतात, यात कच्च्या मुलाचे हाल होतात; त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण वर्गात ते उभे असतात. पण आधी पोहून दाखव, मग पाण्यात उतर, हा जुना प्रकारही शहाणपणाचा नव्हता.

पैशाची बाजू सर्वांत अवघड. राज्याची फीमाफी कॉलेजातूनच मिळते. मात्र केंद्र सरकारच्या मदतीला शालान्त प्रमाणपत्र हवे. प्रमाणपत्र नसलेल्याने मान्य चाचणी दिली किंवा सहा एकके पूर्ण केली तर मदत मिळत असे. ती वाट २०१२ साली नव्या विद्यार्थ्यांना बंद केली आणि पुढे २०१४ साली अर्धवट उघडली, तीही धंदेशिक्षणाच्या ठरावीक अभ्यासक्रमांपुरती. म्हणजे राज्य म्हणते आत ये, आणि केंद्र विचारते कागद कुठे आहे.

शिवाय ही मदत दोन वर्षांपूर्वीच्या कराच्या कागदांवरून ठरते. दोन वर्षांपूर्वी बाप कामावर होता, आज कारखाना बंद. कागदावर मात्र घर अजून खातेपिते. आमच्या गिरणगावात कोणाला हे समजावून सांगावे लागणार नाही. यासाठी कॉलेजातल्या मदत-अधिकाऱ्याला अधिकार आहे, की नोकरी जाणे, आजारपण, मृत्यू अशा विशेष परिस्थितीची कागदपत्रे पाहून त्याने आजचे उत्पन्न धरावे. आईबापांशी संबंधच उरला नाही अशा मुलाला त्यांच्या उत्पन्नाशिवाय स्वतंत्र धरण्याचाही अधिकार त्यालाच आहे. नापास झाल्यामुळे काढून टाकलेल्या विद्यार्थ्याचा परत घेण्याचा अर्जही याच जातीचा : अपघात, आजार किंवा हाताबाहेरची परिस्थिती दाखवायची.

इथे माझ्यातला संघटनेचा माणूस अडखळतो. साहेबाच्या मर्जीवर काही सोडू नका, सगळे लिहून घ्या, हे मी तीस वर्षे सांगत आलो. परंतु लिहिलेला नियम माझ्यासारख्या वाळवीच्या केसला उत्तर देऊ शकत नाही. तिथे ऐकणारा माणूसच लागतो. तिकडे त्याला तीन बंधने घातली आहेत : प्रत्येक प्रकरण वेगळे पाहायचे, पुरावा मागायचा, आणि कारण फायलीत लिहायचे. ते मला पसंत आहे. पसंत नाही ते असे की मदतीबाबत त्या अधिकाऱ्याचा निर्णय अखेरचा. केंद्र सरकारकडे त्यावर अपील चालत नाही. वरचे दार नसलेली खिडकी मला कोणत्याही देशात आवडणार नाही.

आमच्या मुलीला प्रवेश मिळाला त्याच हिवाळ्यात तिच्या नवऱ्याची नोकरी गेली. तिने मदतीसाठी पत्र लिहिले ते चार पानांचे, त्यात सासूच्या आजारापासून सगळे. नकार आला नाही, पण उत्तरही आले नाही. मी म्हटले, बाई, ग्रिव्हन्स लिहितात तसे लिही : कोणत्या तारखेला नोकरी गेली, आधी महिन्याला काय येत होते, आता काय येते, आणि प्रत्येक वाक्याला एक कागद. दुसरे पत्र अर्ध्या पानाचे झाले. त्याला कंपनीची नोटीस, बेकारभत्त्याचा कागद आणि घरभाड्याची पावती जोडली, आणि तिने ते पोस्टाने न पाठवता खिडकीवर स्वतः नेऊन दिले व पोच घेतली. सतरा दिवसांनी मंजुरी आली.