बोंडअळीचं कोडं आणि परदेशातली पीएच.डी.

२०१७ सालच्या कापसाची आठवण गेवराई, माजलगाव, वडवणी भागातल्या शेतकऱ्यांना वेगळी करून द्यायची गरज नाही. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. तलाठी, ग्रामसेवक अन् कृषी सहायक पंचनाम्यासाठी बांधाबांधानं फिरले. तेव्हा पारावर एकच सवाल होता : महागाचं बीटी बियाणं लावलं, मग अळी मेली कशी नाही?

या सवालाचं उत्तर अळीच्या आतड्यात आहे. बीटी कपाशीत मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं. त्यामुळे झाडातच अळीला मारणारं प्रथिन तयार होतं. ते अळीच्या पोटात गेलं की आतड्यातल्या 'कॅडहेरिन' नावाच्या प्रथिनाला चिकटतं. कुलपात किल्ली बसावी तसं. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या आणि भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. भारतातल्या ज्या गुलाबी अळ्या बीटीला दाद देत नव्हत्या, त्यांच्यात या कुलपाचं जनुकच बदललेलं आढळलं. एकाच नव्हे, नाना तऱ्हेनं बदललेलं. कुलूप बदललं, किल्ली बसेना, अळी जगली. २००२ साली आलेल्या पहिल्या बीटीची ही गोष्ट. २००६ साली दोन जनुकांचं बीटी आलं, पुढे त्यालाही अळी सरावली. अमेरिकेनं मात्र बीटीच्या जोडीला वांझ केलेले पतंग सोडले अन् २०१८ साली आपल्या कापूसपट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं.

जनुकं वाचायच्या या विद्येला रेणवीय जीवशास्त्र म्हणतात. पोरं 'मॉलिक्युलर बायोलॉजी' म्हणतात. बोंडं फोडत लहानपण गेलेल्या लेकरानं ती शिकावी, यात नवल नाही. अडतं ते पुढं. कृषी पदवी झालेलं पोरगं म्हणतं, "अमेरिकेला शिकायला जातो." बाप म्हणतो, "मग दोन एकर इकावं लागंल."

थांबा. आधी पोराला विचारा, एम.एस. का पीएच.डी.? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिकडच्या एम.एस.ची फी बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून भरावी लागते, अन् ती लाखांत असते. जीवशास्त्राच्या पीएच.डी.चं तसं नाही. तिथं बहुतेक विद्यापीठं फी माफ करतात आणि शिकवण्याच्या किंवा प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल दरमहा विद्यावेतन देतात. पाच-सहा वर्षं लागतात. त्या पैशात माणूस राहतो-खातो. घरचं कर्ज फिटत नाही, हेही आधीच सांगितलेलं बरं. कृषी पदवी चार वर्षांची असल्यानं अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी थेट पीएच.डी.ला अर्ज चालतो. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वाल्यांनी आधी इथं एम.एस्सी. केलेली बरी. जर्मनीत तर पीएच.डी.ला पदव्युत्तर पदवी सहसा लागतेच; पण तिथं संशोधक बहुधा पगारी नोकर असतो.

निवड करणारे नुसते मार्क पाहत नाहीत. प्रयोगशाळेत हात घातलाय का, हे पाहतात. लातूरला परभणी कृषी विद्यापीठाचं जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे, नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. अशा ठिकाणी सहा महिने काम करून मार्गदर्शकाचं चांगलं शिफारसपत्र मिळालं, तर ते एजंटाच्या चकचकीत फाईलपेक्षा भारी पडतं. एजंट एम.एस.च्याच गोष्टी का सांगतो, हे ज्यानं त्यानं ओळखावं.

फी भरावी लागणार असेल तर शिष्यवृत्त्या आहेत. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त-भटक्यांसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांसाठी ठेवलेल्या आहेत. देशभरात चार! तरीही ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या लेकरानं अर्ज करू नये, असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. राज्य शासनाचीही अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अटी बदलत असतात; त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी.

गावच्या कारभाऱ्यांचा संबंध इथं येतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, भूमिहीन असल्याचा कागद, सगळं गावातून अन् तहसीलमधून निघतं. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची मुदत डिसेंबरात संपते, वर्ग पुढच्या ऑगस्टात भरतात. शिष्यवृत्तीची मुदत त्याहून वेगळी. "साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या," असं दोन सोमवार झालं की लेकराचं वर्ष जातं. आईबाप फडावर असतील तर दाखल्यासाठी कुणी हेलपाटे घालायचे?

आणखी एक. दहावीच्या सनदेवर आडनाव एका स्पेलिंगनं अन् आधारवर दुसऱ्या, असं आपल्याकडे घरोघरी आहे. ते पासपोर्टला अर्ज करायच्या आधी दुरुस्त करून घ्यावं. त्यालाही महिने लागतात.